जात्याच्या पलीकडची बाई

मुलगी तीन महिन्यांची होती. रात्री तिला मांडीवर झुलवत मी मोबाइलवर जात्यावरच्या ओव्या ऐकायचे. भोर, वेल्हे, मुळशीकडच्या बायांच्या या ओव्या हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी १९८० च्या दशकापासून गोळा केल्या. आज १ लाखाहून अधिक ओव्यांचा हा संग्रह 'पारी' या संकेतस्थळाकडे आहे.

चांगली आई म्हटलं की आपल्याला साने गुरुजींची 'श्यामची आई' आठवते. पण ती मुलाने सांगितलेली आई. ओवीत आई स्वतः बोलते. लेकरावर जीव टाकते, सासुरवास सांगते, थकते. गुरुजींनी 'स्त्री जीवन'मध्ये बायकांच्या ओव्याही जमवल्या होत्या; ते पुस्तक मात्र मागे पडलं.

ओवी निर्दोष नाही. लेकाचं कौतुक तिथे भरभरून, लेकीच्या वाट्याला पाठवणीचं दुःख. दळण म्हणजे कष्टच, त्याचे गोडवे नकोत. पण जड जातं बऱ्याचदा दोघी मिळून ओढत. एकीने गायलेलं ऐकायला दुसरी समोरच असे. आईपणाच्या आपल्या गोष्टींतून नेमकी ही दुसरी बाई गायब झाली आहे.

त्या पहाटे मी बहिणीला फोन लावला. पहिल्यांदाच 'सगळं छान चाललंय' असं म्हणाले नाही.