कंपवातावरील दोन निबंध

जेम्स पार्किन्सन या लंडनच्या वैद्यानें १८१७ सालीं या रोगावर ६६ पानांचा जो निबंध प्रसिद्ध केला, तो केवळ वैद्यकाच्या अभ्यासकांनीं नव्हे, तर चांगल्या गद्याच्या चाहत्यांनींहि वाचण्याजोगा आहे. त्याच्याजवळ रोगी होते अवघे सहा. त्यांतील दोघे रस्त्यांत भेटलेले व एक तर नुसता दुरून पाहिलेला. परंतु बोटांना लेखणी न आवरणें, घांस तोंडापर्यंत न पोंचणें, पुढें झुकून धांवल्यासारखें चालणें, झोपेंतहि अंगाला स्वस्थता नसणें, असा एका देहाचा क्रमाक्रमानें होणारा पाडाव त्यानें डोळ्यांपुढें उभा केला आहे. अंगाचा ताठरपणा मात्र त्याच्या नजरेंतून निसटला. तो पुढें शार्को या फ्रेंच पंडितानें दाखविला आणि रोगास पार्किन्सनचें नांव दिलें.

याच्या शेजारीं ठेवून वाचावा असा दुसरा निबंध २०११ सालचा आहे. ग्लोरिया म्शाना, कॅथरिन डॉचिन व रिचर्ड वॉकर यांनीं तो टांझानियांत, किलिमांजारोच्या पायथ्याशीं असलेल्या हाई जिल्ह्यांतील रोग्यांशीं व त्यांची शुश्रूषा करणाऱ्यांशीं बोलून लिहिला. ‘थरथरीचा आजार’ हें लोकांचेंच नांव त्यांनीं मथळ्यांत घेतलें, हें आम्हांस फार आवडलें. ज्या दुखण्यास कोणी म्हातारपण म्हणतो, कोणी करणी म्हणतो, त्यासाठीं माणूस दवाखान्याची वाट धरील कशाला? याच जिल्ह्यांत पूर्वीं घरोघर फिरून केलेल्या पाहणींत सुमारें १,६१,००० वस्तींत ३३ रोगी सांपडले. त्यांपैकीं शेंकडा ७८ जणांचें निदान तोंवर झालेंच नव्हतें. (आमचा ‘कंपवात’ शब्दहि थरकांपावरच बोट ठेवतो. ज्यास कंप नाहीं, नुसता मंदपणा आहे, तो आमच्याकडेहि बिननांवाचाच राहतो.)

आमची तक्रार रचनेविषयीं आहे. लोकांचें बोलणें तोडून तें कारणें, उपचार, खर्च अशा खणांत भरल्यामुळें एकहि माणूस सकाळपासून रात्रीपर्यंत सबंध असा आपणांस भेटत नाहीं. पार्किन्सनला जें सहा रोग्यांवर साधलें, तें येथें हातीं येऊन निसटलें आहे.

आणखी एक भेद आहे व तो अधिक बोंचतो. पार्किन्सनच्या काळीं औषधच नव्हतें. मानेजवळचें रक्त काढण्याखेरीज त्याला फारसें कांहीं सुचलें नाहीं. कोट्झियासनें लेव्होडोपाचा गुण १९६७ सालीं दाखविला. जागतिक आरोग्य संघटनेच्या आवश्यक औषधांच्या यादींत तें आहे. आणि तरीहि गरीब मुलखांतील बहुतेक रोगी १८१७ सालांतच जगतात, अशी हाईचा निबंध वाचून आमची समजूत झाली.

यावर स्वस्त तोड म्हणून खाजकुयलीचें नांव अलीकडे घेतलें जातें. तिच्या बियांतून हेंच द्रव्य दामोदरन् व रामस्वामी यांनीं १९३७ सालीं वेगळें काढलें होतें. २०१७ सालीं प्रसिद्ध झालेल्या, बोलिव्हियांतील १८ रोग्यांवरच्या प्रयोगांत भाजलेल्या बियांची पूड गोळ्यांच्या तोडीची ठरली. पुढें रोज घेण्याची पाळी आली तेव्हां कित्येकांनीं ती मध्येंच सोडली. शिवाय प्रत्येक बींत द्रव्य सारखेंच असेल असें नाहीं. प्रयोग व्हावेत, परंतु गोळ्या पुरविण्याचें सरकारांचें काम या रानवेलीच्या माथीं मारण्यास आम्ही तयार नाहीं.