फोन कुणाच्या हातात आहे?

‘द फ्लोरिडा प्रोजेक्ट’ मी पहिल्यांदा पाहिला २०१८ मध्ये, कोथरूडच्या फ्लॅटवर, लॅपटॉपवर, दोन रूममेट्ससोबत. सिनेमा संपला आणि आमचं भांडण झालं. एक म्हणाली, दिग्दर्शकाला शेवट जमला नाही म्हणून पळून गेला. दुसरी म्हणाली, स्वप्न आहे गं ते, मुलीच्या डोक्यातलं. मी दुसरीच्या बाजूने होते. आता नाहीये. पुढचं सगळं त्या शेवटाबद्दलच आहे, त्यामुळे ज्यांना सिनेमा बघायचा आहे त्यांनी आधी बघून या.

शॉन बेकरचा हा २०१७ चा सिनेमा. (‘अनोरा’साठी ऑस्कर घेणारा तोच बेकर.) ऑर्लँडोजवळ किसिमीत, डिस्ने वर्ल्डच्या कुंपणापासून थोड्या अंतरावर, हायवे १९२ च्या कडेला जांभळ्या रंगाचं एक मोटेल आहे. नाव ‘मॅजिक कॅसल’. तिथे पर्यटक फारसे नाहीत. ज्यांना घरभाड्याचं डिपॉझिट जमत नाही, अशी माणसं एकेका खोलीत संसार करून राहतात. सहा वर्षांची मूनी आणि तिची तरुण आई हॅली त्यांच्यातल्याच. मूनीची उन्हाळ्याची सुट्टी आहे. ती मित्रांबरोबर उंडारते, पर्यटकांकडून पैसे मागून आइस्क्रीम खाते, एका ओसाड घराला आगही लावते. हॅली मोठ्या हॉटेलांबाहेर परफ्यूम विकते, आणि ते बंद पडल्यावर जे करते ते सिनेमा आपल्याला फार उशिरा कळू देतो. ‘फ्लोरिडा प्रोजेक्ट’ हे नाव मुळात डिस्नेचंच. साठच्या दशकात तिथली जमीन गुपचूप विकत घेतली जात होती तेव्हाचं कामचलाऊ नाव. प्रोजेक्ट १९७१ मध्ये उघडला. सिनेमा त्याच्या बाहेर राहिलेल्यांचा.

गेल्या वर्षी मी कंपनीच्या कामासाठी तीन महिने अटलांटात होते, ताईकडेच राहत होते. ताईची मुलगी चिऊ तेव्हा दोन वर्षं दहा महिन्यांची होती. हे दहा महिने महत्त्वाचे, कारण तीन पूर्ण होईपर्यंत डिस्ने वर्ल्डला मुलांचं तिकीट लागत नाही. दाजींनी हा हिशोब सहा महिने आधीच करून हॉटेल बुक केलं होतं. गंमत अशी की ज्या वयापर्यंत तिकीट लागत नाही, साधारण त्याच वयापर्यंतचं माणसाला पुढे काही आठवत नाही. म्हणजे फुकट जातं ते पोर, आणि तिच्यासाठी म्हणून तिकीट काढतात ती मोठी माणसं.

मधल्या काळात दाजींची नोकरी गेली. एच-वन-बी व्हिसावर असताना नोकरी गेली की जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. तेवढ्यात दुसरी कंपनी गाठायची, नाहीतर सामान आवरायचं. आम्ही सात तास गाडी चालवून ऑर्लँडोला निघालो तो २९ वा दिवस होता. हॉटेलचे पैसे परत मिळणार नव्हते. आणि ताई म्हणाली, “परत गेलो तर पुन्हा कुठे येणारे इथे?” चिऊला सांगितलं होतं, बाबांना सुट्टी आहे.

आमचं हॉटेल त्याच १९२ वर होतं. मी मुद्दाम निवडलं नव्हतं, स्वस्त तिथेच मिळतं. पहिल्या दिवशी सकाळी सात वाजता मी कॉफी आणायला खाली उतरले तर समोरच्या मोटेलच्या पार्किंगमध्ये पिवळी स्कूलबस उभी. दप्तरं पाठीवर टाकलेली चार-पाच मुलं चढली, एक बाई गाऊनवर हात हलवत उभी होती, बस गेली. इतकंच. पण हॉटेलसमोर स्कूलबस थांबते म्हणजे काय, हे सिनेमा पाहिला नसता तर माझ्या लक्षातही आलं नसतं. मी वर जाऊन ताईला सांगितलं. ताईनेही तो सिनेमा पाहिलाय. ती म्हणाली, “त्यातली आई मला अजिबात आवडली नव्हती. पोरीसमोर काय काय करते.”

इथे मला ताईशी वाद घालायचा आहे. सिनेमाच्या मधल्या भागात मूनी बाथटबमध्ये खेळताना दिसते. बाहेर मोठ्याने गाणी लावलेली. नंतर पुन्हा तेच, टबमध्ये मूनी, बाहेर गाणी. आपल्याला वाटतं, पोर पाण्यात खेळतंय, चला, छान. मग एकदा दार उघडून एक पुरुष आत येतो आणि मुलीला बघून चमकतो. त्या एका क्षणात आधीची सगळी दृश्यं उलटी होतात. गाणी कशासाठी होती ते कळतं. मुलीला टबमध्ये का बसवलं होतं तेही. बेकर कॅमेरा त्या बाहेरच्या खोलीत एकदाही नेत नाही. आई जे मुलीपासून लपवते, ते तो आपल्यापासूनही लपवतो, आणि लपवायचं साधन एकच: बाथरूमचं दार. हॅली भांडकुदळ आहे, बेजबाबदार आहे, मैत्रिणीला मारते. पण मुलीला पडद्यामागचं दिसू नये, ही एक जबाबदारी ती शेवटपर्यंत पाळायचा प्रयत्न करते. “पोरीसमोर” ती फार थोडं करते, ताई.

आता पार्क. मॅजिक किंगडममध्ये आपण जमिनीवर चालतोय असं वाटतं, प्रत्यक्षात बराचसा पार्क दुसऱ्या मजल्यावर आहे. खालचा मजला म्हणजे कर्मचाऱ्यांचे बोगदे. फ्लोरिडात थोडं खणलं की पाणी लागतं, म्हणून बोगदे जमिनीच्या पातळीवर बांधले आणि शेजारचा तलाव खोदताना निघालेली माती वर टाकून त्यावर पार्क उभा केला. का? तर आधीच्या कॅलिफोर्नियातल्या पार्कमध्ये काउबॉयच्या वेशातला माणूस भविष्यकाळाच्या विभागातून चालत जाताना वॉल्ट डिस्नेला दिसला आणि ते खटकलं, अशी गोष्ट सांगतात. कचरा, माल, ड्यूटी संपवून घरी निघालेली पात्रं, सगळं खालून. मी बॅकएंडला काम करते, त्यामुळे हे वाचून मला आधी आदरच वाटला. आमचंही काम तेच आहे. सर्व्हर जळत असला तरी ग्राहकाच्या स्क्रीनवर गोल चक्र शांतपणे फिरत राहिलं पाहिजे. तिथल्या रांगासुद्धा तशाच. रांगेतच भिंतीवर चित्रं, बटणं, खेळ असतात. राइड लोड होत असते आणि आपण त्याला करमणूक म्हणत असतो.

थीम पार्कवर टीका करायची तर हुकमी रस्ता आहे. उंबेर्तो एको, बोद्रियार यांनी तो कधीच आखून ठेवलाय: सगळं खोटं आहे, आणि ते उघडपणे खोटं असल्यामुळे बाहेरचं जग खरं वाटायला लागतं. मला कॉलेजात हे फार भारी वाटायचं. पण कडेवर मूल घेऊन सहा तास फिरलं की या टीकेचा उपयोग संपतो. खोटं आहे हे तिथल्या प्रत्येक आईबापाला माहीत असतं. ते त्या खोट्यासाठीच पैसे मोजतात. खोटं टिकवायचं काम घरी त्यांचं स्वतःचं असतं, आणि ते त्यांना एक दिवस दुसऱ्या कुणाकडे तरी सोपवायचं असतं. हॅलीला ते परवडत नाही. ती ते एकटीने, खोलीभाड्याच्या चिंतेत, दार लावून करते. पार्क आणि हॅली एकमेकांच्या विरुद्ध टोकांना आहेत असं मला आधी वाटायचं. आता वाटतं, दोघांचा धंदा एकच. एकाकडे बोगदे आहेत आणि एकीकडे बाथरूमचं दार.

आणि ताईकडे “बाबांना सुट्टी आहे” हे वाक्य.

चिऊचं म्हणाल तर पार्कने तिच्यासाठी मांडलेलं बहुतेक तिने नाकारलं. बऱ्याच राइड्सना उंचीची अट, त्यात ती बसत नव्हती. मिकी जवळ आल्यावर ती ताईच्या पायांमागे लपली. आपोआप फ्लश होणाऱ्या कमोडची तिला इतकी धास्ती बसली की दिवसभर कुणीतरी सेन्सरवर हात धरून उभं राहायचं. तिला आवडले ते पक्षी. वाकड्या चोचीचे पांढरे आयबिस तिथे लोकांच्या पायांत फिरतात, सांडलेल्या फ्राइज टिपतात. चिऊ त्यांच्यामागे “काऊ, पांढरा काऊ” करत पाऊण तास फिरली. सिनेमात मोटेलचा मॅनेजर बॉबी (विलेम डॅफो) पार्किंगच्या वाटेत आलेल्या सारस पक्ष्यांना, गाड्यांखाली येऊ नयेत म्हणून, गप्पा मारत मारत बाजूला काढतो. सगळ्या सिनेमातला माझा आवडता मिनिटभर. बॉबी या पात्राबद्दल एक तक्रारही आहे: तो जरा जास्तच चांगला आहे. भाडं वसूल करणारा तोच, घर होऊ नये म्हणून महिन्यातून एक रात्र भाडेकरूंना खोली सोडायला लावणारी व्यवस्था चालवणारा तोच. पण डॅफोच्या चेहऱ्यावरची दया बघून आपण ते विसरतो. व्यवस्थेला इतका प्रेमळ चेहरा देणं ही बेकरची पळवाट आहे. शेवट नव्हे.

मी सांगलीची. माझ्या लहानपणी आमचं थीम पार्क म्हणजे मिरजेचा उरूस. आकाशपाळणा, मौत का कुआँ, खाजा. पैसे पाळण्याचे द्यायचे, आत यायचे नाहीत, कारण ‘आत’ असं काही नव्हतंच. पाळण्यात बसायला पैसे नसलेली पोरं पाळण्याखाली उभी राहून ओरडायची आणि तीही उरुसातच असायची. हे मी उरुसाचं कौतुक म्हणून सांगत नाहीये (पाळण्याचे नटबोल्ट आठवले की आजही पोटात गोळा येतो). सांगते ते दाराबद्दल. सिनेमात हॅली मूनीला आणि तिच्या मैत्रिणीला, जॅन्सीला, वाढदिवसाची भेट म्हणून एका अंधाऱ्या माळावर घेऊन जाते. तिथून डिस्नेची आतषबाजी दिसते. आतषबाजीला कुंपण घालता येत नाही. मुली कपकेक खात बघतात, आणि आनंदात काही कमी नसतं. आमच्याकडे, आत, महालाच्या अगदी समोर, चिऊ पहिल्या फटाक्याआधीच झोपली. दाजींनी तिचे कान हातांनी झाकून धरले, कार्यक्रम संपेपर्यंत.

आता शेवट. सरकारी अधिकारी मूनीला आईपासून घेऊन जायला येतात. मूनी पळते, जॅन्सीच्या दारात जाते आणि रडते. सिनेमाभर चुरूचुरू बोलणाऱ्या या मुलीला पहिल्यांदाच शब्द सापडत नाहीत. (ब्रुकलिन प्रिन्स ही बालकलाकार इथे जे करते ते बघून मला अजूनही पाणी प्यायला उठावं लागतं.) जॅन्सी क्षणभर बघते, तिचा हात धरते आणि दोघी धावत सुटतात. मोटेलं, रस्ता, आणि एकदम मॅजिक किंगडम, मेन स्ट्रीट, समोर महाल. संपलं. बाकी सगळा सिनेमा ३५ मिमी फिल्मवर आहे, संथ, रंगीत, नीट. हा तुकडा परवानगी न घेता, लपून, आयफोनवर चित्रित केलाय. चित्र एकदम हलतं, सपाट होतं.

स्वप्न असं दाखवतात का? स्वप्न दाखवायचं असतं तर बेकरने चित्र आणखी सुंदर केलं असतं. तो ते साधं करतो. मी मेन स्ट्रीटवर उभी राहून चिऊचा व्हिडिओ काढत होते तेव्हा स्क्रीनवर दिसणारं चित्र मला ओळखीचं वाटलं: मुलाच्या पाठीमागून, धावत, हात हलतोय, गर्दीची डोकी आडवी येतायत, समोर महाल. माझ्या आजूबाजूला किमान वीस जण तेच काढत होते. तो सिनेमाचा शेवटचा शॉट होता. मूनीला बेकरने स्वप्न दिलेलं नाही. त्या मोटेलवरून जाणाऱ्या लाखो मुलांकडे असते आणि तिच्याकडे नाही अशी एक साधी वस्तू दिली आहे: व्हेकेशनचा व्हिडिओ. तोही चोरून, कारण दुसरा मार्ग नव्हता.

आणि मग प्रश्न पडतो, हा व्हिडिओ काढतंय कोण? प्रत्येक घरच्या व्हिडिओत फोन धरणारं एक मोठं माणूस असतं, फ्रेमच्या बाहेर. मूनीच्या मागे असं कुणीच उरलेलं नाही. हॅली खोलीत अधिकाऱ्यांवर ओरडतेय. बॉबी काही करू शकत नाही. दार धरून ठेवायचं काम आता जॅन्सीवर, म्हणजे मूनीएवढ्याच एका पोरीवर, आलंय, आणि तिला पळण्याखेरीज काही सुचत नाही. तरी कुणीतरी मागे धावतंय, फोन धरून. माझी रूममेट म्हणत होती तसा दिग्दर्शक पळाला खरा. मुलींच्या मागे पळाला.

परत आल्यावर मी फोनमधले सगळे व्हिडिओ ताईला पाठवले. तिचा मेसेज आला: पांढऱ्या काऊचा आहे तो परत पाठव, शेवटचं कापून. मी उघडून पाहिला. चिऊ पक्ष्यामागे जाते, कॅमेरा वळतो, आणि मागे बाबागाड्यांच्या रांगेशेजारी दाजी, कानाला फोन, दुसऱ्या हाताने डोळे झाकलेले. चार सेकंद. त्या दिवशी त्यांना एका कंपनीचं उत्तर आलं होतं, ते रात्री हॉटेलवर कळलं.

मी कापून पाठवला. मूळ फाइल माझ्याकडे आहे.