उभयचरांचा घाट

जुन्या लष्करी गाड्यांच्या शौकिनांत पाण्यात चालणाऱ्या गाडीला वेगळाच मान असतो. रणगाड्यापुढून जो सहज निघून जातो, तोही हिच्यापुढे थबकतो. हे आकर्षण दुर्मीळपणाचे, असे सहसा सांगितले जाते. मला ते पटत नाही. दुर्मीळपणाने किंमत वाढते, रूप येत नाही. मग हे रूप कशाचे?

सातारा जिल्ह्यात तापोळ्याला, कोयनेच्या जलाशयावर, तराफ्यावर चढलेली जीप मी पाहिली आहे. तेथे जीप जीपच राहते आणि तराफा तराफाच. एकमेकांसाठी कोणी काही सोडलेले नसते. आपल्या पुष्कळ कादंबऱ्यांत विचार हा कथेवर असाच बसून प्रवास करतो. उभयचर गाडीत मात्र दोन धर्म एकाच देहात नांदवायचे असतात.

ते नेहमीच साधते असे नाही. फोर्ड कंपनीने १९४२-४३ साली बारा हजारांहून अधिक तरंगत्या जीपा केल्या. जीपला नावेचे अंग चढवले. वजन वाढले, पाण्यावर काठ थोडाच उरला, आणि जरा लाट उठली की पाणी आत येऊ लागले. जर्मनांची श्विमवागेन अधिक सुबक. तिचा पंखा मागून पाण्यात सोडायचा आणि किनारा लागला की उचलून घ्यायचा; सुकाणूचे काम पुढची चाकेच करीत. एकाच अवयवाने दोन अर्थ बोलावेत, हे चांगल्या कवितेतल्या प्रतिमेसारखेच झाले. अमेरिकनांची सहाचाकी ‘डक’ दिसायला ओबडधोबड, पण पुढे तिच्यात चालकाला बसल्या जागेवरून टायरांतली हवा कमीजास्त करता येऊ लागली. वाळू आणि रस्ता यांचा भेद तिने अंगात मुरवून घेतला होता. म्हणून मी तिला श्रेष्ठ मानतो.

पण घाटाची ही चर्चा एका ठिकाणी अडते. १९७१ साली गरीबपूरला लढलेल्या आपल्या पीटी-७६ रणगाड्याला जवान ‘पिप्पा’ म्हणत. पंजाबीत तुपाचा रिकामा डबा. २०२३ सालच्या हिंदी चित्रपटानेही हेच नाव घेतले. नावात लाड आहे, तसे सत्यही आहे. सुमारे चौदा टनांचा हा रणगाडा तरंगतो, कारण त्याचे पोलाद पातळ आहे. तरंगण्याची किंमत आत बसलेल्यांनी मोजायची असते. केवळ रूप पाहणारा रसिक हे विसरतो, आणि मीही विसरत होतो.

उलट बाजूही आहे. अमेरिकेत डोनाल्ड रोब्लिंग याने १९३०च्या दशकात ‘ॲलिगेटर’ नावाची पट्ट्यांवर चालणारी गाडी घडवली, ती वादळात दलदलीत अडकलेली माणसे सोडवण्यासाठी. तिच्यापासूनच पुढे पॅसिफिकमधल्या बेटांवर सैनिक उतरवणारी वाहने झाली. म्हणजे या जातीच्या एका शाखेचे कूळ युद्धाचे नव्हे, सुटकेचे आहे.

हे मला सांगलीने शिकवले. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी सत्तावन्न फुटांवर गेले; धोक्याची पातळी पंचेचाळीस. ब्रह्मनाळला नाव उलटून माणसे गेली. त्या दिवसांत श्विमवागेनच्या सुबकपणाविषयी बोलण्याची मला लाज वाटली असती. आमच्या या कृष्णा-वारणेच्या काठी पूर आला की गुऱ्हाळाची काहील नावेसारखी पाण्यात सोडतात. तिला ना पंखा, ना सुकाणू. पण रुंद पसरट अंगामुळे ती तरंगते, आणि तीत माणसे बसतात. रस उकळण्यासाठी जो आकार दिला, तोच येथे उपयोगी पडतो.

म्हणून संग्राहकांकडे माझे एवढेच मागणे आहे : गाडीला रंग द्या, पितळ उजळा, पण पावसाळ्याआधी तिला एकदा तळ्यात उतरवून पाहा. ओल न पाहिलेली उभयचर गाडी अर्धीच असते. काहिलीच्या बाबतीत हे कोणाला सांगावे लागत नाही. पूर ओसरला की ती घासली जाते, आणि हंगामात पुन्हा चुलवाणावर चढते.