एका दीर्घ शब्दाचा अर्थ

शेक्सपिअरच्या ‘लव्ह्‌ज लेबर्स लॉस्ट’ (मुद्रण १५९८) या सुखात्मिकेत कॉस्टर्ड हा खेडवळ विदूषक ‘होनोरिफिकाबिलिटुडिनिटाटिबुस’ हा २७ रोमन अक्षरांचा शब्द उच्चारतो. सन्मानास पात्र असण्याची अवस्था, हा त्याचा लॅटिन आशय. १९१० साली एडविन डर्निंग-लॉरेन्स यांनी या अक्षरांची फिरवाफिरव करून ही नाटके बेकनचीच, अशी ग्वाही त्यांतून काढली. परंतु हा शब्द बेकनच्या जन्मापूर्वीच (१५६१) मध्ययुगीन लॅटिनमध्ये आढळतो. तेव्हा तो बेकनने संकेतासाठी रचला, असे मानता येत नाही. शिवाय प्रसंगही पाहावा. पंडितांच्या शब्दावडंबराची थट्टा चालू असता अडाणी मनुष्य सर्वांत लांब शब्द फेकतो, आणि तोही चिमुकल्या मॉथची उंची मोजण्यासाठी. येथे शब्दाचे प्रयोजन त्याच्या लांबीत आहे, कोशार्थात नाही. गूढार्थ शोधताना हा विनोद निसटला, की टीकाकारही त्याच पंडितांच्या पंक्तीस जाऊन बसतो.