जुन्या ऑर्गनची नवी प्रतिकृति

धानाचा हंगाम आटोपला कीं आमच्या भंडारा जिल्ह्यांत नाटकांचे दिवस सुरू होतात. झाडीपट्टीचीं हीं नाटकें रात्रभर चालतात, आणि त्यांतील संगीत आजहि प्रेक्षकांसमक्ष वाजविलें जातें. पट्ट्यांच्या वाद्यास मंडळी ‘ऑर्गन’ म्हणतात. जवळ जाऊन पाहावें तर तें बहुधा विजेवर चालणारें यंत्र असतें. नांव तेवढें गंधर्वकालीन उरलें आहे. म्हणूनच रत्नागिरी जिल्ह्यांतील आडिवरे गांवीं दाते यांनीं पायानें भाता चालविण्याचा खरा ऑर्गन नव्यानें बांधण्याचा उद्योग केला, ही गोष्ट आम्हांस मोलाची वाटते. मात्र प्रतिकृतीचें कौतुक करण्यापूर्वीं ती नेमकी कशाची, हें विचारणें टीकाकारास प्राप्तच आहे.

गंधर्व नाटक मंडळी १९१३ सालीं निघाली. थिरकवाँचा तबला, कादरबक्षांची सारंगी आणि ऑर्गन यांच्या संगतींत पुढें मराठी श्रोत्यांचा कान घडला. एस्टी किंवा मेसन अँड हॅम्लिन यांच्यासारख्या कारखान्यांचा हा ऑर्गन अमेरिकेचा. हार्मोनियम आणि तो, दोन्हीं पितळी रीडांचींच वाद्यें. पण हार्मोनियमचा भाता हवा रीडांतून बाहेर ढकलतो, अमेरिकन ऑर्गनचा भाता ती आंत ओढून घेतो. शिवाय त्याच्या रीडची जीभ टोंकाशीं किंचित् वांकविलेली असते. स्वराचा मऊपणा व गोलाई हीं यांतून येतात, आणि लहानमोठेपणा वादकाच्या पावलांतून. विजेच्या वाद्यास हा आवाज कदाचित् साधेल; गवयाची तान संपतां संपतां हलका होणारा पाय त्यास कोठून येणार? तेव्हां लांकूड कोणतें, वर आरसा आहे कीं नाहीं, ही चर्चा आम्ही गौण मानतों. हवा आंत ओढली जात नसेल तर ती प्रतिकृति नव्हे, नुसतें कपाट होय.

या बाबतींत हार्प्सिकॉर्डचा इतिहास बोलका आहे. तारा छेडून वाजणारें हें युरोपीय वाद्य पियानोनें मागें टाकलें होतें. वांडा लांडोव्स्का या विदुषीसाठीं पॅरिसच्या प्लेयेल कारखान्यानें १९१२ सालीं तें मोठ्या थाटानें पुन्हां उभें केलें. जादा खर्जाच्या तारा घातल्या, आणि पुढें पियानोसारखी लोखंडी चौकटहि आली. बाईंचें वादन थोर, पण वाद्य जुन्याचें नांव लावलेला पियानोचाच भाऊबंद. १९४९ सालीं बॉस्टन येथें हबर्ड व डाउड या दोघांनीं कारखाना काढला, आणि जुनीं वाद्यें मोजून, त्यांचा हलका सांगाडा जसाच्या तसा घेऊन बांधणी करण्याची रीत त्यांच्यापासून रूढ झाली. सुधारणेचा मोह आवरणें हीच त्यांची कारागिरी, असें आम्हांस वाटतें.

येथें आमच्याच मतास एक अडचण येते. मूळ ऑर्गनचे स्वर समान अंतरांचे. त्यांतील गंधार तंबोऱ्यांतून उमटणाऱ्या गंधारापेक्षां चढा. पेटीच्या अशाच दोषांवर बोट ठेवून आकाशवाणीनें १९४० सालीं हार्मोनियमवर बंदी घातली आणि ती १९७१ पर्यंत चालविली. मग प्रतिकृतींत दोषहि उतरवावा काय? हार्प्सिकॉर्डवाल्यास हें संकट नाहीं. तो किल्लीनें तार हवी तशी लावतो. रीड मात्र खरवडून सुरांत आणावी लागते, आणि खरवडलेलें पितळ परत येत नाहीं. आमचें मत असें कीं, नाट्यपदांच्या साथीसाठीं जुनीच जुळणी ठेवावी. त्या चढ्या गंधारावर गंधर्वांनीं कसें गाऊन दाखविलें, हें त्याखेरीज कळणार नाहीं. गायक मित्र यावर रागावतील, रागावोत.

राहतां राहिला वाहतुकीचा प्रश्न. आज साकोलीकडे तर उद्यां लाखांदुराकडे जाणाऱ्या वादकाला जड पेटी परवडत नाहीं. विजेचें वाद्य त्यानें कांखेंत मारलें याचा दोष त्याला कसा द्यावा? परंतु दुसऱ्या महायुद्धांत एस्टी कारखान्यानेंच लष्करी धर्मोपदेशकांसाठीं घडीचे ऑर्गन केले होते. पेटीसारखे मिटणारे, तरी पायानेंच चालणारे. कोणा कारागिरानें पुढची प्रतिकृति त्यांची करावी. ती ऐकावयास आम्ही पौषाच्या थंडींत घोंगडी घेऊन पहांटेपर्यंत बसूं.