एक्स्पेक्टेड किती? : एका फोनकॉलची समीक्षा

‘सर, आत्ता बोलू शकता का? दोनच मिनिटं.’

हिंजवडी, खराडी, मगरपट्टा या भागात कंत्राटावर काम करणाऱ्या कोणालाही यापुढचे संवाद पाठ असतात. टोटल एक्स्पीरियन्स किती? त्यातला रिलेव्हंट किती? करंट सीटीसी? एक्स्पेक्टेड? नोटिस पीरियड? हातात दुसरी ऑफर आहे का? आणि आपण ‘क्लायंट कोण?’ असं विचारलं की उत्तर येतं, ‘मोठी एमएनसी आहे सर, शॉर्टलिस्ट झालं की सांगते.’ कॉल संपतो. बहुतेक वेळा गोष्टही तिथेच संपते.

या कॉलवर मीम्स भरपूर आहेत. मला तो नाटकातल्या प्रवेशासारखा वाचून बघायचा आहे. त्यात दोन पात्रं आहेत, प्रश्नांचा ठरलेला क्रम आहे, आणि ज्याच्यासाठी हे सगळं चाललंय तो क्लायंट रंगमंचावर येतच नाही. नाटक वाचताना आपण विचारतो, कोणाला काय माहीत आहे आणि कोण काय राखून ठेवतंय? तेच इथे विचारू.

रिक्रूटरकडे क्लायंटचं नाव असतं आणि बजेटचा अंदाज असतो. आपल्याकडे फक्त आपली स्वतःची माहिती असते, आणि नेमकी तीच आधी मागितली जाते. म्हणून ‘एक्स्पेक्टेड किती?’ हा प्रश्न दिसतो तितका साधा नाही. क्लायंट एजन्सीला देणार तो दर आणि एजन्सी आपल्याला देणार ती रक्कम, यांच्यातल्या फरकावर एजन्सी चालते. आपण आकडा बोललो की त्या फरकाची खालची रेघ आपणच आखून देतो. वरची रेघ कुठे आहे, हे प्रोजेक्ट संपेपर्यंतही अनेकांना कळत नाही.

‘ऑफर कुठली आहे?’ हा प्रश्नही दुतोंडी आहे. आपण जॉइन होणार की ऐनवेळी टांग देणार, याची ती चाचपणी असते. पण दुसरीकडे कुठे भरती चालू आहे याची बातमीही त्यातून मिळते, आणि एजन्सीच्या दृष्टीने ते पुढचं गिऱ्हाईक असू शकतं. ब्रिटनमधले आयटी कॉन्ट्रॅक्टरही ‘सध्या कुठे इंटरव्ह्यू देताय?’ या प्रश्नाकडे याच संशयाने पाहतात.

आता ‘कॉन्ट्रॅक्टर’ हा शब्द पाहा. १९७० च्या कंत्राटी कामगार (नियमन आणि निर्मूलन) कायद्यात कॉन्ट्रॅक्टर म्हणजे कामगार पुरवणारा असा अर्थ होता. आपल्या बोलण्यातही कंत्राटदार म्हटलं की रस्त्याचं टेंडर घेणारा माणूस डोळ्यांसमोर येतो, डांबर ओतणारा येत नाही. आयटीत मात्र डांबर ओतणाराच कॉन्ट्रॅक्टर झाला आणि पुरवणारा ‘व्हेंडर’ किंवा ‘पार्टनर’. कराराच्या अटी ज्याच्या हातात नाहीत, त्यालाच कराराचं नाव चिकटलं. क्लायंटच्या मेलमध्ये तर तेही उरत नाही. तिथे ‘दोन रिसोर्सेस हवेत’ एवढंच असतं. ऊसतोडीत नवराबायकोच्या जोडीला मिळून एक ‘कोयता’ म्हणतात, आणि मुकादम टोळीत किती कोयते आहेत ते मोजतो. एसीत बसलेला जावा डेव्हलपर आणि बीडहून निघालेलं ते जोडपं यांचे हाल एका मापाचे नाहीत, ते तसे मोजूही नयेत. पण माणूस मोजायचा आणि नाव अवजाराचं घ्यायचं, ही सवय दोन्हीकडे सारखीच.

हा मधला माणूस मराठी जगाला नवा नाही. मुंबईच्या गिरण्यांमध्ये त्याला जॉबर म्हणत. भरती त्याच्या हातात होती, आणि काम मिळायला किंवा टिकायला त्याचा हात ओला करावा लागे. १९३१ च्या रॉयल कमिशनच्या कामगारविषयक अहवालाने या लाचखोरीवर बोट ठेवलं. १९३५ मध्ये मुंबईत बदली कामगारांची नोंद ठेवण्याची पद्धत आली, तिच्यामागे जॉबरची मनमानी रोखण्याचाही हेतू होता. पण जॉबर कामगाराला ओळखत असे. त्याचं गाव, त्याची चाळ, त्याचं कर्ज, सगळं त्याला ठाऊक असायचं आणि त्या ओळखीवरच त्याची सत्ता उभी होती. आजच्या रिक्रूटरला आपल्याबद्दल एक्सेलच्या रकान्यात मावेल तेवढंच हवं असतं. जावा आणि जावास्क्रिप्टची गल्लत होते ती याच कारणाने. काम पारखण्यासाठी तिला नेमलेलंच नाही, तिला दिवसाचा आकडा गाठायचा आहे. कदाचित ती स्वतःही कुणाच्या तरी पेरोलवर कंत्राटी असेल.

केन लोच यांच्या ‘सॉरी वी मिस्ड यू’ (२०१९) या सिनेमाची सुरुवात अशाच मुलाखतीने होते. पडदा काळा, त्यावर श्रेयनामावली, आणि मागे फक्त आवाज. रिकी आजवर केलेली कामं एकामागून एक सांगतो. मग डेपोचा मॅलोनी त्याला समजावतो की इथे नोकरी वगैरे नसते, तू स्वतःचा मालक. चेहरे दिसण्याआधी आवाज ऐकवणं हे फार अचूक आहे, कारण अशा मुलाखतीत माणूस म्हणजे आधी एक यादी असते. पण माझी एक तक्रार आहे. मॅलोनी पहिल्या मिनिटापासून इतका वस्ताद आहे की आपण लगेच रिकीच्या बाजूला जाऊन बसतो. आपल्याला येणाऱ्या कॉलमध्ये असा खलनायक सापडत नाही. दोन्ही टोकांना घाईतली, थोडी घाबरलेली माणसं असतात. ही गोष्ट लिहायला जास्त अवघड आहे, आणि मराठीत मला ती वाचायची आहे.

त्या गोष्टीचा गाभा मला ‘रिलेव्हंट’ या शब्दात दिसतो. वडिलांच्या आजारपणात घेतलेले आठ महिने ‘गॅप’ होतात. रात्र-रात्र जागून वाचवलेली एखादी जुनी सिस्टीम ‘सपोर्ट’ होते, म्हणजे डेव्हलपमेंटमध्ये धरली जात नाही. असे वीसेक कॉल झाले की आपण स्वतःच आधी कात्री लावून बोलायला लागतो. घरी कुणी ‘काय करतोस रे तू?’ असं विचारलं, तरी तोंडातून ‘पाच वर्षं, त्यातली तीन रिलेव्हंट’ हेच बाहेर पडतं. पैशांचं नुकसान पुढच्या प्रोजेक्टमध्ये भरून निघेलही. या नुकसानाचं मात्र कुठल्याच पे-स्लिपवर नाव नसतं.

या संवादाचा शेवट अनेकदा एका मेलने होतो. ‘मी या पदासाठी फक्त याच एजन्सीला माझं प्रोफाइल पाठवण्याची परवानगी देत आहे’, अशा अर्थाचं वाक्य एजन्सी पाठवते आणि आपण ते कॉपी करून उत्तरात चिकटवतो. सगळ्या व्यवहारातलं प्रथमपुरुषी एकवचनातलं हे एकमेव लेखी वाक्य, आणि त्यातला ‘मी’ दुसऱ्याने लिहिलेला. गंमत म्हणजे आपली थोडीफार ताकदही याच वाक्यात आहे. एकाच जागेसाठी दोन एजन्सींकडून प्रोफाइल गेलं तर क्लायंट वाद नको म्हणून ते बाजूला ठेवू शकतो. त्यामुळे प्रत्येक एजन्सीला हे ‘हो’ आधी हवं असतं.

म्हणजे ते ‘हो’ देण्याआधी आपले प्रश्न विचारता येतात. क्लायंट कोण? बजेट किती? पेरोल कोणाचं, पीएफ कसा कापणार, किती महिन्यांचं काम? ब्रिटनमध्ये एप्रिल २०२० पासून एजन्सीमार्फत काम घेणाऱ्याला पगार, कपात आणि पैसे कोण देणार हे सांगणारा कागद अटी ठरण्याआधी द्यावा लागतो. आपल्याकडे तो कागद तोंडीच मागावा लागेल. समोरून ‘सर, ते कॉन्फिडेन्शियल आहे’ असं येईल, हेही पाठच आहे. तरी विचारावं. प्रश्नांचा क्रम एकदा जरी उलटला, तरी त्या दोन मिनिटांत पहिल्यांदाच दोन माणसं बोलत असतात.