‘उपादान’ : जळण आणि पकड

प्रतीत्यसमुत्पादाच्या बारा कड्यांतील नववी कडी म्हणजे ‘उपादान’. मराठी धम्मग्रंथांत व प्रवचनांत तिचा अर्थ बहुधा ‘आसक्ती’ असा केला जातो. आमच्या मते हा अर्थ अपुरा आहे; आणि त्याने होणारी हानी केवळ शाब्दिक नाही.

पालीत या शब्दाचे दोन मूर्त अर्थ आढळतात : धरणे आणि जळण. मज्झिमनिकायातील अग्गिवच्छगोत्त सुत्तात गवत व लाकूड हे अग्नीचे उपादान होय. ते संपले की अग्नी विझतो. लाक्षणिक अर्थ याच भूमीवर उभा आहे. विसुद्धिमग्गात बुद्धघोषाचार्य सांगतात, चोराने अंधारात हात पुढे करणे ही तृष्णा, वस्तू हाती येताच ती घट्ट धरणे हे उपादान. ‘आसक्ती’ म्हटले की आठवी आणि नववी कडी एकच होऊन बसते.

मग ‘पकड’ हा शब्द चालेल काय? जालना हे लोखंडी सळयांच्या कारखान्यांचे गाव. तापलेली सळई चिमट्याने पेलणाऱ्या कामगाराची पकड सुटली तर जिवावर बेतते. ‘विषयावर पकड’ ही तर मराठीत प्रशंसाच. अशा श्रोत्याला ‘पकड सोडा’ हा उपदेश विपरीत वाटेल. अलगद्दूपम सुत्ताने हा पेच पूर्वीच जाणला आहे. शेपटीने धरलेला साप दंश करतो, काठीने दाबून मानेशी धरलेला करीत नाही. दोष धरण्यात नाही, धरण्याच्या रीतीत आहे. त्याच सुत्तातील तराफा मात्र पैलतीरी पोचल्यावर डोक्यावर वाहायचा नसतो.

उपादाने चार : काम, दृष्टी, शीलव्रत आणि आत्मवाद. ‘आसक्ती’ शब्दाने पहिलेच ध्यानात येते. मग मजुरीवर जगणारा उपासक ऐकतो ते एवढेच, की तुझ्या दुःखाचे कारण तुझी हाव. चार आर्यसत्ये मूळ उपदेशातील की भिक्षूंनी मागाहून घातलेली, हा प्रश्न डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात उपस्थित केला, हे येथे विसरता येत नाही. उरलेली तीन उपादाने मते, कर्मकांड आणि आत्म्याची कल्पना यांविषयी बोलतात. ती श्रोत्याच्या दारिद्र्याला दोष देत नाहीत.

म्हणून आम्ही ‘धरून बसणे’ हा साधा प्रयोग सुचवितो. ‘मत धरून बसणे’, ‘व्रत धरून बसणे’ हे कोणालाही कळते. जळणाचा अर्थ मात्र त्यात येत नाही. तो प्रवचनकाराने स्वतंत्रपणे सांगावा. आपल्या विहारांतील वाद ज्या मतांवर पेटतात, तीही याच जळणात मोडतात, हेही सांगावे.